रंग किती लागेल? आधी टेप, मग डबा
(लेखमाला : गाडी आपली, हात आपला – भाग 6)

मागच्या भागात आपण पॉलिश पेपर, पुट्टी आणि घासकाम पाहिलं. तो वाचून पुंडलिकनगरमधल्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला. त्यांच्या दारात वडिलांनी घेतलेली चंदेरी मारुती 800 उभी आहे. इंजिन ठणठणीत, पत्राही चांगला. फक्त टप आणि बोनेटवरच्या लॅकरचे उन्हानं पापुद्रे निघालेत. आता सगळी गाडीच रंगवायची तर रंग किती लागेल, असं त्यांनी तीन ठिकाणी विचारलं. एकानं एक लिटर सांगितला, दुसऱ्यानं दीड, तिसऱ्यानं तीन. यातलं खरं कोणाचं?

प्रश्न साधा वाटतो, पण घरी गाडी रंगवणाऱ्याचं काम बहुतेक वेळा इथंच फसतं. माझंही फसलं होतं. पहिल्या गाडीच्या वेळी अंदाजानं रंग आणला आणि दोन दरवाजे बाकी असताना डबा संपला. त्याच कोडचा दुसरा डबा आणला. सावलीत दोन्ही सारखेच दिसले, पण उन्हात नेल्यावर ते दोन दरवाजे दुसऱ्या गाडीचे वाटत होते. शेवटी ती बाजू अख्खी घासून पुन्हा रंगवावी लागली. पावशेर रंग कमी पडला आणि आठवड्याची मेहनत गेली. म्हणून आजचा भाग फक्त मोजमापाचा.

आपल्या शहराला मोजून वापरणं शिकवायला नको. जायकवाडीचं पाणी नळाला कित्येक दिवसांनी येतं आणि घरात किती माणसं, टाकी किती लिटरची, पुढचं पाणी कधी, हा हिशेब इथल्या प्रत्येक घरात वर्षानुवर्षं चालतो. रंगाचा हिशेबही तसाच आहे. पृष्ठभाग किती, थर किती जाड आणि वाया किती जाणार, या तीन गोष्टी कळल्या की उत्तर कागदावर मिळतं.

पहिली गोष्ट पृष्ठभाग. शिंप्याची टेप घ्या आणि एकेक भाग मोजा. जिथं पत्रा वाकडा आहे तिथं जुनं वर्तमानपत्र चिकटवा, कडेनं कापा आणि जमिनीवर पसरून मोजा. काचा, दिवे, जाळी सोडून द्या. आपल्या वाचकांच्या गाडीची मापं चौरस मीटरमध्ये साधारण अशी निघाली: बोनेट 1.0, टप 1.6, चारही दरवाजे मिळून 2.6, पुढचे दोन फेंडर 0.9, मागच्या दोन बाजू 1.3, डिकी 0.6, दोन्ही बंपर 1.5 आणि दरवाज्यांखालच्या पट्ट्या 0.5. बेरीज बरोबर 10 चौरस मीटर.

ही बेरीज पडताळायची एक सोपी रीत आहे. मारुती 800 ची लांबी 3,335 मिलिमीटर आणि रुंदी 1,440 मिलिमीटर. गुणाकार केला तर जमिनीवर गाडी 4.8 चौरस मीटर जागा व्यापते. छोट्या गाडीचा बाहेरून रंगवायचा पत्रा या जागेच्या दुपटीच्या आसपास भरतो. तुमची बेरीज सहा किंवा सोळा आली, तर एखादा भाग राहिलाय किंवा दोनदा मोजलाय. वॅगनआरसारखी उंच गाडी असेल तर दुपटीहून थोडं जास्त धरा.

दुसरी गोष्ट थर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी सपाट परात डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एक लिटर पाणी ओतलं तर पाण्याची उंची भरते बरोबर एक मिलिमीटर, म्हणजे 1,000 मायक्रॉन. रंगाचं सगळं गणित या एका परातीत आहे. गाडीवर वाळलेल्या मेटॅलिक रंगाचा थर साधारण 15 मायक्रॉन लागतो. 10 चौरस मीटरवर 15 मायक्रॉन म्हणजे फक्त 150 मिलिलिटर. गाडीवर कायम राहणारा रंग एवढाच, चहाच्या दोन कपांएवढा!

मग डबे कशाला लागतात? कारण डब्यातला बराच भाग उडून जाणारा असतो. मेटॅलिक बेसकोटमध्ये वाळल्यावर उरणारा घन भाग आकारमानानं साधारण पाचवा हिस्सा धरावा. त्यात तेवढंच थिनर घातलं की गनमध्ये जाणाऱ्या मिश्रणात तो दहावा हिस्सा उरतो. म्हणजे 150 मिलिलिटर थरासाठी दीड लिटर मिश्रण. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘घन भाग, आकारमानानं टक्के’ असा दिलेला असतो. दुकानात तो मागून घ्या.

जुने कारागीर अजूनही ‘ड्यूको मारायचा का?’ असं विचारतात. ड्यूको हे मूळ नाव ड्यूपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं. 1920 च्या दशकात तो आला आणि ब्रशनं आठवडे चालणारं गाडी रंगवण्याचं काम झटपट होऊ लागलं. या रंगात घन भाग कमी, म्हणून हात जास्त मारावे लागतात आणि रंगही जास्त लागतो. आजच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात घन भाग जास्त असतो. एकाचा अंदाज दुसऱ्याला लावला की हिशेब चुकतो.

तिसरी गोष्ट वाया जाणारा रंग. गनमधून निघालेला सगळा रंग पत्र्यावर बसत नाही. काही धुक्यासारखा हवेत जातो, काही मास्किंगच्या कागदावर बसतो. जुन्या पद्धतीच्या, जास्त दाबाच्या गननं निम्म्याहून अधिक रंग वाया जाऊ शकतो. कमी दाबाच्या एचव्हीएलपी गननं चांगल्या हाताखाली सुमारे 65 टक्के रंग पत्र्यावर पोचतो. हात नवा असेल तर निम्माच पोचेल असं धरा. मग दीड लिटरचं तीन लिटर मिश्रण होतं, त्यात दीड लिटर रंग आणि दीड लिटर थिनर.

आता त्या तीन उत्तरांकडे पाहा. दीड लिटर सांगणारा डब्यातला रंग सांगत होता आणि तीन लिटर सांगणारा थिनर घातलेलं मिश्रण. एक लिटरवाल्याच्या डोळ्यांसमोर चांगली गन आणि मुरलेला हात होता. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त कशाचं माप ते कोणी बोललं नाही. म्हणून दुकानात विचारताना नेहमी ‘थिनर घालण्याआधीचा की नंतरचा?’ हे विचारा.

वरच्या लॅकरचा हिशेबही असाच. थर 50 मायक्रॉन, म्हणून 10 चौरस मीटरला 500 मिलिलिटर घन भाग. हार्डनर घातलेल्या मिश्रणात तो 40 टक्के धरला तर सव्वा लिटर, आणि निम्मं वाया धरून अडीच लिटर मिश्रण. दोनास एक या प्रमाणात त्यात साधारण 1.6 लिटर लॅकर आणि 0.8 लिटर हार्डनर लागेल. उरलेलं थोडं थिनर. सरफेसर, म्हणजे रंगाखालचा थर, मात्र सगळ्या गाडीला नको. जुना रंग घट्ट असेल तर तो घासूनच चालतो. फक्त पुट्टीच्या आणि उघड्या पत्र्याच्या जागा मोजा. त्या 3 चौरस मीटर असतील तर 600 मिलिलिटर मिश्रण पुरतं. गन धुवायचं थिनर वेगळं धरा.

आता हिशेब बदलणाऱ्या गोष्टी. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्यामुळे तो खालचं लवकर झाकतो. लाल, पिवळा, केशरी हे रंग हट्टी. त्यांना एक-दोन हात जास्त लागतात, म्हणजे रंग दीडपट धरा. एका पुठ्ठ्यावर काळे-पांढरे पट्टे काढा आणि त्यावर हात मारून पाहा. कितव्या हाताला पट्टे दिसेनासे होतात, त्यावर तुमच्या गाडीचे हात ठरवा. एप्रिल-मेच्या उन्हात थिनर वाटेतच उडतं आणि रंग भुकटीसारखा बसतो. पावसाळ्यात दमट हवेनं ड्यूकोवर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरचे थंड, कोरडे दिवस सगळ्यात चांगले.

रंग बदलायचा असेल तर दरवाज्यांच्या आतल्या कडा, बोनेटखालची आणि डिकीतली जागा धरून पाव भाग वाढवा. रंग बदलल्याची नोंद आरसी पुस्तकात करून घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे. तो निवडू नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पीयू रंगाच्या आणि लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचं धुकं छातीत गेलं तर कायमचा दमा जडू शकतो आणि साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कनं ते अडत नाही. पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजारच्या खिडकीत लहान मूल असतं, गच्चीवर कपडे वाळत असतात. म्हणून घासणं, पुट्टी, मास्किंग आणि मोजमाप दारात करा, पण हार्डनरचं फवारकाम गॅरेजच्या बंद बूथमध्येच करून घ्या. आपलं शहर वाहन उद्योगाचं आहे. 1985 पासून वाळूजला बजाजचा आणि 2001 पासून शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. चांगली रंगजोड आणि चांगला बूथ इथं शोधला तर मिळतो. सामान मोजून तुम्हीच नेलं की खर्चही तुमच्या हातात राहतो.

तेव्हा खरेदीला जाताना कागदावर लिहून न्या: गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड, चौरस मीटर, हातांची संख्या. रंगाचा डबा हिशेबापेक्षा थोडा जास्त घ्या आणि सगळा एकाच वेळी मिसळून घ्या. लॅकर पारदर्शक, तो नंतरही मिळेल. रंगाची तीच छटा मात्र दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. आपल्या वाचकांना माझं उत्तर असं: दीड लिटर हिशेबाचा आणि पाव लिटर हाताशी, मिळून पावणेदोन लिटर रंग. उरलेला पाव लिटर थिनर न घालता, झाकण घट्ट लावून, कोड आणि तारीख लिहून ठेवा. गाडीला पहिला ओरखडा पडेल त्या दिवशी तोच उपयोगी पडेल.

(पुढच्या भागात : मास्किंग आणि गनचा हात)