कर्त्याला रजा कधी द्यावी?

शाळेच्या इंग्रजी पेपरातला 'चेंज द व्हॉइस' हा हुकमी गुणांचा प्रश्न. कर्म पुढे आणायचे, कर्त्याला 'बाय' लावून मागे पाठवायचे, क्रियापदाचे तिसरे रूप घ्यायचे आणि त्याआधी 'इज', 'वॉज' असे काहीतरी बसवायचे. गुण पदरात पडतात. पण पॅसिव्ह व्हॉइस मुळात वापरायचा कधी, हे शिकायचे राहूनच जाते.

त्यात मराठी मुलांची एक खास अडचण असते. पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, असे समीकरण त्यांच्या डोक्यात पक्के बसते. पण 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, आणि 'राम एट अ मँगो' हे इंग्रजीत सरळसरळ ॲक्टिव्ह. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोरे खाल्ली: क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, यावर आपला प्रयोग ठरतो. इंग्रजीत पाहायचे ते वेगळेच. वाक्याच्या मुख्य जागी काम करणारा बसला आहे, की ज्याच्यावर ते काम झाले तो? 'रामाकडून रावण मारला गेला' ही रचना पॅसिव्हच्या खरी जवळची. आपले वैयाकरण तिला नवीन कर्मणी म्हणतात.

दुसरा गैरसमज म्हणजे 'वॉज' दिसला की पॅसिव्ह. 'शी वॉज स्लीपिंग' यात पॅसिव्ह कुठेच नाही. या बाबतीत भलेभले फसले आहेत. स्ट्रंक आणि व्हाइट यांचे 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' हे अमेरिकेतले गाजलेले लेखन-मार्गदर्शक. पॅसिव्ह टाळा, असे सांगताना त्यात दिलेल्या चार उदाहरणांपैकी तीन पॅसिव्ह नाहीतच, हे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2009 मध्ये दाखवून दिले. पॅसिव्हसाठी साधारणपणे सकर्मक क्रियापद लागते. म्हणूनच आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे 'ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' चुकीचे. अपघात नुसता 'हॅपन्ड'.

मग पॅसिव्ह हवा कुठे? कर्ता ठाऊक नसेल तिथे: 'माय वॉलेट वॉज स्टोलन'. पाकीट कोणी मारले हे कळले असते, तर आणखी काय हवे होते! कर्ता सांगण्याची गरज नसेल तिथे: 'द रोड इज बीइंग रिपेअर्ड'. आणि विषयाचा धागा सांभाळायचा असेल तिथेही. ताजमहालाबद्दल बोलत असताना 'इट वॉज बिल्ट बाय शाहजहान' म्हटले की ताजमहाल पुढेच राहतो आणि बांधणाऱ्याचे नाव वाक्याच्या शेवटी ठसठशीत उमटते. इथे ॲक्टिव्ह करायला गेलात, तर विषय मध्येच शाहजहानकडे वळतो.

तरीही पॅसिव्हची बदनामी झाली, ती सत्तेच्या भाषेमुळे. इराणला शस्त्रे विकल्याचे प्रकरण गाजत असताना, जानेवारी 1987 मध्ये, अध्यक्ष रेगन यांनी अमेरिकी काँग्रेससमोर गंभीर चुका झाल्याचे मान्य केले; त्यासाठी निवडलेले शब्द होते 'मिस्टेक्स वेअर मेड'. चुका मान्य, चुकणारा मात्र गायब. जॉर्ज ऑरवेल यांनी 1946 मध्येच एका निबंधात राजकीय इंग्रजीवर टीका करताना शक्य तिथे पॅसिव्ह टाळण्याचा नियम सांगितला होता. गंमत अशी, की त्यांच्या त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात पॅसिव्ह आहे!

खरे तर जबाबदारी झटकायला पॅसिव्हच लागतो असे नाही. 'चुका घडल्या' हे वाक्य व्याकरणाने कर्तरी आहे, पण दोषी त्यातही सापडत नाही. तेव्हा दोष व्याकरणाचा नाही, हेतूचा आहे.

म्हणून वाक्य लिहून झाले की एकदा 'कोणी?' असे विचारून पाहा. उत्तराने वाचकाचे काही अडत नसेल, तर पॅसिव्ह खुशाल राहू द्या. अडत असेल, तर कर्त्याची रजा रद्द करा.