लहान नौकांचे शास्त्र, लेखांक ५ : पाण्याखालचे शिसे

गेल्या आठवड्यात नौकेच्या सांगाड्यावर फळ्या चढवून झाल्या. आता ती पाण्यात सोडायची. शिडाच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती तळ्यात सोडली की पहिल्या झुळकीलाच ती कुशीवर पडते, आणि खापर बहुधा बांधणाऱ्याच्या हातावर फुटते. हात कितीही सफाईचा असला तरी ती पडणारच होती. मूळ जहाजाशी सर्व मापांत इमान राखलेली प्रतिकृती मूळ जहाजासारखी तरंगू शकत नाही, आणि तिला उभे ठेवायचे तर पाण्याखाली कुठेतरी हे इमान मोडावे लागते. हे आकड्यांवरून पाहता येते.

उदाहरण मुंबईचेच घेऊ. ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली गेली. १८१७ साली ती पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडातल्या हार्टलपूलला ती तरंगत उभी आहे. ती बाजूला सारते त्या पाण्याचे वजन सुमारे १,४७० टन, तोफांच्या डेकची लांबी जवळपास ४६ मीटर. एकास पन्नास प्रमाणाने हा डेक ९२ सेंटिमीटरांचा होतो. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही पन्नास पटींनी घटतात, म्हणून वजन सव्वा लाख पटींनी घटते. खाऱ्या पाण्याऐवजी तळ्याचे गोडे पाणी धरले तर योग्य रेषेपर्यंत बुडायला प्रतिकृतीचे एकूण वजन साडेअकरा किलो हवे. पातळ फळ्या, डोलकाठ्या, शिडे, तोफा, सुकाणू फिरवणारी मोटार आणि बॅटरी मिळून पाच किलो धरू. उरलेले साडेसहा किलो भरतीचे. जहाजाच्या तळाशी घालायच्या अशा भरतीला मराठीत ‘नीरम’ हा जुना शब्द आहे, तोच इथे वापरतो.

आता वारा. शिडांचे क्षेत्रफळ २,५०० पटींनी घटले आणि वारा ज्या उंचीवर ढकलतो ती उंची पन्नास पटींनी, म्हणजे नौका कलंडवणारी ताकद सव्वा लाख पटींनी घटली. सावरणारी ताकद मात्र वजन आणि तरफेची भुजा यांच्या गुणाकारातून येते. वजन सव्वा लाख पटींनी कमी, भुजा आणखी पन्नास पटींनी कमी. गुणाकार साडेबासष्ट लाख पटींनी घसरला. त्याच वाऱ्यात प्रतिकृती मूळ जहाजापेक्षा पन्नास पट दुबळी ठरते, कारण जहाज लहान झाले तरी वारा लहान होत नाही. पाने हलवणारी ताशी १० किलोमीटरची झुळूक या प्रतिकृतीला ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्यासारखी लागते, आणि तशा वाऱ्यात खऱ्या जहाजाचा कप्तान सगळी शिडे उभारून ठेवणार नाही.

मग वजन वाढवत जावे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर स्टॉकहोमच्या बंदरात आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धजहाज पहिल्याच सफरीत जेमतेम १,३०० मीटर जाऊन बुडाले. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावायला लावले होते, आणि जहाज इतके डोलले की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तळाशी सुमारे १२० टन नीरम होते. ते वाढवले असते तर खालच्या तोफखिडक्या पाण्याच्या आणखी जवळ आल्या असत्या, आणि वाऱ्याने कलल्यावर पाणी शिरले ते त्याच खिडक्यांतून. एकूण वजन जलरेषा ठरवते. बांधणाऱ्याच्या हाती उरते ते फक्त वजन कुठे ठेवायचे हे.

नौका थोडी कलली की पाण्याचा वर रेटणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो. त्या जोराची रेषा नौकेच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगे याने १७४६ साली तो मांडला. नौकेचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या जितका खाली, तितकी ती खंबीर. फ्रिगेटमध्ये हे अंतर दोन मीटर धरले, तर प्रतिकृतीत ते चारच सेंटिमीटर. साडेसहा किलोंपैकी तीन किलो शिसे पोटातून काढून कण्याखाली, मूळ जागेपासून वीस सेंटिमीटर खोल, लोंबते ठेवले तर हे अंतर सुमारे साडेचार सेंटिमीटरने वाढते, म्हणजे दुपटीहून थोडे अधिक होते. तीन किलो शिशाला जागा लागते जेमतेम २६५ घनसेंटिमीटर, अर्धा मीटर लांब आणि अंगठ्याएवढ्या जाडीची कांब. एवढ्याच वजनाची वाळू पावणेदोन लिटरच्या वर जागा खाते, नौकेच्या पोटात वर चढत जाते आणि कलताना घसरून पडत्या बाजूलाच साथ देते. सुटी वाळू म्हणूनच वापरू नये. बाहेरची कांब स्वतःही पाव लिटर पाणी सारते, तेव्हा आत पाव किलो वाढवावे लागते. शिसे विषारी आहे: ते घरात वितळवू नये, हातमोजे घालून हाताळावे आणि वरून इपॉक्सीचा थर द्यावा.

खरा आक्षेप निष्ठावंतांचा आहे. त्रिंकोमालीला असला कणा कधी नव्हता, आणि खोल वजनाने नौका झटके देत डोलेल, जहाजासारखी संथ नाही. पहिला भाग मान्य. पण ही कांब लांब स्क्रूंनी काढता-घालता येते, कपाटातल्या प्रतिकृतीला तिचा स्पर्शही होत नाही. दुसरा भाग अर्धाच खरा. सावरणारी ताकद वाढली की डोलणे चपळ होते हे बरोबर, पण लांब भुजेवरचे वजन फिरवायलाही जड जाते, आणि दोन्हींची बरीच फिटंफाट होते. शर्यतीच्या ‘इंटरनॅशनल वन मीटर’ वर्गाने तर हा संकोच कधीच सोडला. किमान चार किलोच्या त्या होडीत कण्याचे पाते आणि शिशाचा गोळा मिळून सव्वादोन ते अडीच किलोंच्या घरात भरतात. मोटारीच्या टगबोटीला शिडांचा भार नसतो, तिथे आतले नीरम पुरते. दुप्पट खंबीरपणाने पन्नास पटींची दरी बुजत नाही हेही खरे; जोराच्या वाऱ्यात वरची शिडे उतरवावीच लागतात.

काम जमले की नाही हे मोजता येते, आणि खऱ्या जहाजांसाठीही हीच रीत आहे. टबमध्ये नौका स्थिर करा, डेकमधून तीस सेंटिमीटरचा ओळंबा सोडा, आणि शंभर ग्रॅमचे वजन मध्यरेषेपासून दहा सेंटिमीटर बाजूला सरकवा. शिसे पोटात असताना ओळंबा पट्टीवर साडेसहा मिलिमीटर सरकेल. कांब खाली लावल्यावर तो तीन मिलिमीटरच सरकायला हवा.