जवाहरनगर: भोंग्यावर वाढलेली पिढी

नागपूर-भंडारा महामार्गावर ठाणा पेट्रोल पंपाजवळ जवाहरनगर आहे. भंडारा आयुध निर्माणीची ही वसाहत. 1962 च्या चीन युद्धानंतर देशात दारूगोळ्याची टंचाई प्रकर्षाने जाणवली आणि त्या दशकात विदर्भात भद्रावती, अंबाझरी व भंडारा येथे निर्माण्या उभ्या राहिल्या. भंडाऱ्यातील निर्माणीकडे स्फोटके आणि प्रणोदके बनवण्याचे काम आले. भोवती धानाची बांधी आणि तलाव असलेल्या या मुलखात इतके मोठे सरकारी कारखानदारीचे काम नवेच होते. पहिली वर्षे बांधकामात आणि भरतीत गेली.

वसाहत खऱ्या अर्थाने भरली ती ऐंशीच्या दशकात. कामगारांचे संसार रुळले होते आणि क्वार्टरांच्या ओळींतून मुलेच मुले दिसत. दिवसाचे वेळापत्रक भोंगा ठरवी. तो वाजला की सायकलींची रांग गेटकडे निघे आणि परतीचा वाजला की आई चहाचे आधण ठेवी. केंद्रीय विद्यालयात झाडीबोली बोलणाऱ्या पोराच्या बाकावर बंगाली, तेलुगू किंवा भोजपुरी घरातले मूल बसे. तान्ह्या पोळ्याला सगळ्याच घरांतली मुले लाकडी नंदी ओढत दारोदार फिरत आणि बोजाऱ्याची नाणी मोजत. सायकल कैची मारून शिकायची, तीही वडील ड्युटीवरून परतल्यावर. कारण घरात सायकल एकच असे. 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ज्या क्वार्टरमध्ये टीव्ही होता तिथे दाराबाहेरपर्यंत चपलांचा ढीग लागे.

या बालपणाचा पाया मात्र धोक्याच्या शिस्तीवर उभा होता. स्फोटकांच्या विभागात जाणाऱ्याला काडेपेटी आणि विडी बाहेर ठेवावी लागते. इमारती एकमेकींपासून लांब असतात आणि त्यांच्याभोवती मातीचे उंच बांध घालतात, म्हणजे एका ठिकाणी स्फोट झाला तरी त्याचा दणका शेजारी पोहोचू नये. अवजारे ठिणगी न उडणाऱ्या धातूची, कपडे सुती, आणि एका खोलीत किती माणसे व किती माल असावा याचे आकडे ठरलेले. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याजवळच्या या वसाहतीत पितळी अवजाराचे मोल जीव वाचवण्याशी जोडलेले होते, हे मुलांना लहानपणीच कळे. घरी कामाबद्दल विचारायचे नाही, हेही कळे. वेळ नसताना सायरन झाला की स्वयंपाकघरातले हात थांबत आणि बायका दारात येऊन गेटच्या दिशेने पाहत.

ही भीती घरांनी पेलली, कारण तिच्या बदल्यात शाश्वती होती. कायमची नोकरी, पेन्शन, इस्पितळ, दिवाळीआधीचा बोनस आणि मुलांना शिकवता येईल इतका पगार. शेतमजुराचा मुलगा निर्माणीत लागला की त्याची पुढची पिढी अभियांत्रिकीला जाई. पूर्व विदर्भात हे करून दाखवणाऱ्या जागा थोड्या होत्या, आणि जवाहरनगर त्यांतली ठळक होती.

त्यानंतरची वर्षे या शाश्वतीच्या उताराची आहेत. 1 जानेवारी 2004 पासून रुजू होणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. पुढे मे 2020 मध्ये, टाळेबंदीत माणसे घरात अडकलेली असताना, आयुध निर्माणी मंडळाचे कंपन्यांत रूपांतर करण्याची घोषणा झाली. संघटनांनी संपाचा इशारा दिला तेव्हा जून 2021 मध्ये संपबंदीचा अध्यादेश आला. 1 ऑक्टोबर 2021 रोजी मंडळ विसर्जित झाले, 41 निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या आणि भंडाऱ्याची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. 15 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, या कंपन्या राष्ट्राला अर्पण करण्यात आल्या. ज्या कामगारांनी आयुष्यभर दसऱ्याला यंत्रांची पूजा केली, त्यांचे म्हणणे न ऐकता त्याच मुहूर्तावर हा सोहळा व्हावा, हे जवाहरनगरला लागले आणि ते लागणे रास्त होते.

24 जानेवारी 2025 रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले, आठ कामगार मृत्युमुखी पडले आणि पाच जखमी झाले. धमाका कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. ऐंशीच्या दशकात इथे वाढलेली आणि आता पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी माणसे त्या दिवशी गावाकडे फोन लावत राहिली. काम तेव्हाइतकेच धोक्याचे राहिले आहे. ते करणाऱ्याच्या घराला पूर्वीचा आधार मात्र उरलेला नाही. ठरावीक मुदतीवर किंवा कंत्राटावर आलेल्या तरुणाला क्वार्टरही नाही आणि बापाच्या पिढीची पेन्शनही नाही. तरीही गेटवर काडेपेटी त्यालाही तशीच काढून ठेवावी लागते.