चाळीस फुटांची वही

तुमची वही केवढी असते? वीत-दीड वीत? आमच्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत एक ‘वही’ जपून ठेवलेली आहे. ती आहे सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद! अन् ती कागदाची नाही, कापडाची आहे. थंडीत पांघरायची जाड सुती पासोडी असते ना, तीच!

तिच्यावर लिहिणारे कवी म्हणजे संत दासोपंत (१५५१–१६१५). पैठणचे एकनाथ महाराज त्यांच्याच काळातले. दासोपंतांच्या ‘गीतार्णव’ ग्रंथात सव्वा लाख ओव्या असल्याचं सांगतात. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या आसपास आहेत, यावरून काय तो अंदाज करा!

पासोडीवर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं. पृथ्वी, आप म्हणजे पाणी, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांपासून जग कसं झालं, याचा तो विचार. त्यातलं गणित गमतीचं आहे. प्रत्येक भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि बाकी चौघांचा एक-एक अष्टमांश. करा बेरीज, बरोब्बर एक! आजचं विज्ञान ११८ मूलद्रव्यं मानतं, पण ‘कोणतीच वस्तू एकटी नसते’ ही कल्पना किती छान!

मागच्या वर्षी दिवाळीनंतर चौथीची मुलं घेऊन मी एस.टी.नं अंबाजोगाईला गेलो. म्हटलं, “आज गाव दासोपंतांच्या डोळ्यांनी बघायचं. पाच भूतं शोधायची.”

भूत म्हटल्याबरोबर दोघी-तिघी माझ्यामागं लपल्या!

पृथ्वी सापडली हत्तीखान्यात. तिथं खडकातच लेणी आणि दगडी हत्ती कोरलेत. योगेश्वरी देवीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला अन् वऱ्हाडाचा दगड झाला, अशी गोष्ट लोक सांगतात. आप जवळच, जयंती नदीत. तेज देवीच्या गाभाऱ्यातल्या समईत. वायूसाठी गावाबाहेर मुकुंदराजांच्या समाधीकडं गेलो. बालाघाटच्या दरीत असा भन्नाट वारा सुटला की टोप्या उडाल्या! याच मुकुंदराजांनी शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिला, असं मानतात.

“राहिलं आकाश,” मी म्हणालो.

एक मुलगा पटकन बोलला, “गुरुजी, आकाश तर आमच्या वस्तीवर पण आहे! वारा बी, पाणी बी!”

मी गप्पच झालो. पोरानं दासोपंत माझ्याआधी वाचला होता!

या मुलाचे आई-बाबा ऊसतोडीला गेलेले. तो आजीजवळ राहायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं आजीचं जुनं लुगडं शाळेत आणलं. म्हणाला, “ह्याच्यावर आपलं गाव लिहायचं. आई-बाबा आल्यावर दाखवीन. वही फाटून जाती.”

मग काय, साऱ्या वर्गानं लुगडं पसरलं. ओढा, पिंपळ, पिठाची गिरणी, शाळेची घंटा, कोणाची शेळी व्याली तेसुद्धा! रोज चार-पाच ओळी. शुद्धलेखन म्हटलं की पळणारी मुलं मधली सुट्टी विसरली.

पाडव्याच्या सुमारास कारखान्याचा पट्टा पडला आणि माणसं गावी परतली. त्या मुलानं अंगणात लुगडं अंथरलं आणि वाचून दाखवलं. बापाला वाचता येत नाही. त्यानं सगळं ऐकलं, अक्षरांवरून हात फिरवला अन् विचारलं, “ह्यात आपली हीर कुठाय?”

विहीर राहिलीच होती! पोरगा पेन आणायला धावला.

मुलांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी चादर असेल. आईला विचारून मागून घ्या. गावातली पाच भूतं शोधा आणि लिहा. आणि पालकहो, मूल वाचून दाखवील तेव्हा जरा बसा, ऐका. राहून गेलेली विहीर तुम्हालाच ठाऊक असते.