लेन्सला धुळीपेक्षा पाण्याचे भय

आषाढी वारीत हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, तर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवड रस्त्याला लागून दिवे घाट चढते. पुणे ते सासवड या सुमारे ३० किलोमीटरच्या टप्प्यात मगरपट्टा, अमनोरा, फुरसुंगी भागांतल्या आयटी कंपन्यांमधली तरुण मंडळीही एक दिवसाची सुटी काढून चालतात. त्यांत चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावणारे असतात. पाऊस लांबला तर घाटात धूळ, पाऊस आला तर डोळ्यांत पाणी आणि दिवसभर साबणाने हात धुण्याची सोय जेमतेम.

असे प्रसंग वारीपुरते नाहीत. हडपसरपासून चाळीसेक किलोमीटरवर जेजुरी आहे. सोमवती अमावास्येला आणि चंपाषष्ठीला तिथे भंडाऱ्याची उधळण होते. अमनोराच्या मैदानावर काही वर्षे ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव भरला. हजारो पावले नाचली की कोरड्या मैदानाची माती उडणारच. हिवाळ्यात अनेक पुणेकर कुटुंबे कच्छच्या रणोत्सवाला किंवा जैसलमेरच्या मरू महोत्सवाला जातात. अशा ठिकाणी लेन्स लावावी की नाही, हा प्रश्न निघताना पडतोच.

धूळ नेमके काय करते?

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू बराचसा थेट हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. मज्जातंतू मात्र त्यात अतिशय दाट असतात, म्हणून बारीकसा कणही असह्य खुपतो. एरवी असा कण पापण्यांची उघडझाप आणि अश्रू मिळून बाहेर ढकलतात. लेन्स असेल तर तो तिच्याखाली अडकतो आणि प्रत्येक उघडझापीसरशी कॉर्नियावर घासतो.

मऊ लेन्सचा गुणधर्मही लक्षात घ्यायला हवा. चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या अखेरीस घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या जोडणी-संचाचे यंत्र करून पहिल्या मऊ लेन्स घडवल्या. त्यांनी वापरलेले प्लास्टिक पाणी शोषून मऊ होणारे होते, आणि आजच्या मऊ लेन्सही पाणी धरून ठेवणाऱ्याच असतात. रणातल्या किंवा वाळवंटातल्या कोरड्या हवेत हे पाणी उडते, लेन्स सुकते, डोळा चुरचुरतो आणि हात नकळत डोळ्याकडे जातो. वातानुकूलित कार्यालयात संगणकासमोर बसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे तिथेही लेन्स कोरडी पडते.

खरी चूक इथून पुढे

धुळीच्या कणाने पडलेला साधा ओरखडा बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत भरून येतो. खरा धोका त्यानंतरच्या दोन सवयींमुळे वाढतो. एक, मळक्या बोटांनी डोळा चोळणे. दुसरी, लेन्स काढून नळाच्या, टँकरच्या किंवा बाटलीतल्या पाण्याने खळबळून परत लावणे.

पिण्यायोग्य पाणी निर्जंतुक असते असे नाही. नळाच्या पाण्यात, नदीत आणि मातीत अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव सापडतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती कवच तयार करतो आणि पाण्यातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. गिळल्याने सहसा काही होत नाही, पण ओरखडा पडलेल्या कॉर्नियावर लेन्सखाली तो अडकला तर डोळ्यात भयंकर वेदना देणारा संसर्ग होतो. त्याचा उपचार महिनोन्महिने चालतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्ससाठी घरगुती द्रावण करत. त्यांच्यात या संसर्गाचे रुग्ण वाढले, तेव्हा लेन्स आणि पाणी यांचा हा संबंध ठळकपणे पुढे आला.

सोमवतीला खंडोबाची पालखी स्नानासाठी कऱ्हा नदीवर जाते आणि भाविकही नदीत उतरतात. लेन्स लावून डुबकी मारणे हा असाच धोका आहे.

जिवाणूंचा संसर्ग तर आणखी वेगवान. सुडोमोनास हा लेन्सच्या संसर्गात वारंवार आढळणारा जिवाणू एक-दोन दिवसांत कॉर्नियाला खोल जखम करू शकतो. बरे झाल्यावरही मागे पांढरा व्रण राहतो. गावाकडे याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. ते मध्यभागी असेल तर नजर कायमची अधू होते.

निघण्यापूर्वी

धुळीच्या ठिकाणी चष्मा केव्हाही बरा. लेन्स लावायचीच असेल तर एक दिवस वापरून फेकायची निवडावी आणि जादा जोड्या सोबत ठेवाव्यात. त्यावर बाजूंनीही डोळा झाकणारा गॉगल हवा. अमेरिकेत नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ उत्सवात घट्ट बसणारे गॉगल नेहमी दिसतात, कारण तिथल्या कोरड्या तळ्याची पिठासारखी धूळ क्षारयुक्त असते. सोलापूर रस्त्याने दुचाकीवरून रोज जाणाऱ्यांसाठी हेल्मेटची काच खाली ठेवणे हाच साधा उपाय.

महिनाभराची लेन्स असेल तर द्रावण दर वेळी नवे घ्यावे; डबीतल्या जुन्यात भर घालू नये. डबी साधारण तीन महिन्यांनी बदलावी. साधे सलाईन लेन्स भिजवायला चालत नाही, ते जंतू मारत नाही. लेन्स घालून तंबूत झोपणे कटाक्षाने टाळावे. लेन्स लावून झोपल्याने संसर्गाचा धोका साधारण ६ ते ८ पटींनी वाढतो.

डोळ्यात काही गेलेच तर

चोळू नये. जोरात न मिटता पापण्यांची उघडझाप करावी, लेन्सवर चालणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत. खुपणे थांबले नाही तर साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून लेन्स काढावी. सॅनिटायझर लावलेले ओले बोट डोळ्याला झोंबते, हे विसरू नये. एक दिवसाची लेन्स फेकून द्यावी आणि चष्मा लावावा.

भंडारा, रंग किंवा चुना यांसारखी पूड डोळ्यात भरपूर गेली तर मात्र नियम बदलतो. तेव्हा द्रावण शोधत बसू नये. मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा लगेच आणि बराच वेळ धुवावा. धुताना लेन्स निघाली नाही तर काढावी. ती परत वापरू नये. स्वस्त भंडारा नेहमी निव्वळ हळदीचाच असतो असे नाही, आणि हळदीचा डाग धुऊन जात नाही हे तर प्रत्येक घराला ठाऊक आहे.

पदराच्या बोळ्यावर फुंकून दिलेला शेक मायेचा असतो, पण रुमालाच्या टोकाने कण काढणे, गुलाबपाणी, मध किंवा काजळ घालणे नको. औषधाच्या दुकानातून विचारून घेतलेले थेंब त्याहून घातक ठरू शकतात. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली तात्पुरती कमी होते आणि आत बुरशीचा संसर्ग फोफावतो. शेतातले पान किंवा काडी लागल्यानंतर होणारी डोळ्याची जखम आपल्याकडे बऱ्याचदा बुरशीचीच असते.

लेन्स काढल्यावरही दुखणे, लाली, उजेड सहन न होणे, अंधूक दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. हडपसरजवळ महंमदवाडीत एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. जाताना काढलेली लेन्स आणि डबी सोबत न्यावी. त्यांवरून जंतू ओळखायला मदत होते.

लेन्स काढण्यात बहुतेकांची अडचण एकच असते. चष्मा घरी असतो आणि लेन्सशिवाय गर्दीत काही दिसत नाही. मग खुपत असतानाही ती संध्याकाळपर्यंत डोळ्यातच राहते. म्हणून पिशवी भरताना पाण्याच्या बाटलीआधी चष्मा ठेवावा.