विषय निवडावा मुलांनी : स्काऊट-गाईड पथकाच्या कार्यक्रमांविषयी थोडेसे

स्काऊट-गाईड पथकाची सभा म्हणजे गणवेश, झेंडा, शिट्टी आणि दोरीच्या गाठी, एवढेच चित्र पुष्कळ पालकांच्या मनात असते. पथकाची जबाबदारी नव्याने स्वीकारणाऱ्या तरुण स्वयंसेवकांचीही प्रारंभी तीच समजूत असते, आणि तीन-चार सभांनंतर ‘आता मुलांना काय द्यायचे?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. आपल्या काही युवक-युवतींनी हाच प्रश्न आम्हांस विचारला. दौंड तालुक्यातील पाटस आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मुलांबरोबर काम करताना आम्हांस जे उमगले, आणि जे चुकले, ते येथे मांडीत आहोत. आमच्या पथकात ख्रिस्ती मुले थोडी आणि इतर अधिक आहेत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

एखादा विषय घेऊन त्याभोवती दिवसभराचे खेळ, कौशल्ये, गोष्ट, प्रार्थना आणि सेवा गुंफण्याची पद्धत नवी नाही. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राऊन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर घेतले, तेव्हाच प्रत्येक दिवसाला एक विषय ठरवून दिलेला होता. एक दिवस निरीक्षणाचा, एक रानातील जीवनाचा, एक शौर्य व सौजन्याचा, एक जीव वाचविण्याचा. आणखी एक गोष्ट तेथे मुद्दाम केली होती. श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले आणि कष्टकऱ्यांची मुले एकाच तंबूत राहतील, अशी त्यांची विभागणी होती. विषयांची यादी सर्वांच्या लक्षात राहते, ही विभागणी मात्र बहुतेक जण विसरतात. आम्हीही विसरलो होतो, त्याविषयी पुढे येईलच.

लहान मुलांच्या कब विभागाला १९१६ मध्ये जो विषय मिळाला तो तर आपल्याच मातीतला. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील मोगली, बगीरा आणि बल्लू त्यात आले, आणि कब मास्टरला आजही ‘अकेला’ म्हणतात. याचा अर्थ असा की पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी नवीन विषय शोधण्याची घाई करू नये. सिवनीच्या जंगलाची ती कथा वर्षभर पुरते. विषयांची खरी गरज भासते ती दहा वर्षांवरील स्काऊट आणि गाईड यांना.

कॅथलिक ख्रिस्तसभेने ही पद्धत लवकर ओळखली. फ्रान्समधील येशूसंघीय धर्मगुरू फादर जाक सेवें (१८८२-१९५१) यांनी १९२० मध्ये तेथील कॅथलिक स्काऊट संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. खेळ, गीत, रान आणि प्रार्थना या वेगवेगळ्या तासिका नसून मुलाच्या लेखी ते एकच जगणे असते, असा त्यांच्या कार्याचा रोख होता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, २०१२ मध्ये, त्यांना ‘वंदनीय’ घोषित करण्यात आले.

आता पाटसकडे वळू. विषय निवडताना आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारतो : या विषयातून मुलाच्या हाताला काय काम मिळणार? ज्या विषयातून केवळ वेशभूषा आणि सजावट निघते तो विषय स्नेहसंमेलनासाठी ठीक, पथकासाठी नाही. उदाहरण सांगतो. स्काऊटांचे आश्रयदाते संत जॉर्ज यांचा सण २३ एप्रिल रोजी येतो. पहिल्या वर्षी आम्ही पुठ्ठ्याचा भला मोठा ड्रॅगन केला. तो करण्यात मोठ्यांचे दोन दिवस गेले आणि मुले नुसती बघत राहिली. पुढच्या वर्षी ड्रॅगन रद्द केला. त्याऐवजी प्रत्येक संघाला सांगितले, की आपापल्या वस्तीवर फिरून लहान मुलाच्या जिवाला धोका होईल असे एक ठिकाण शोधा, त्याचा नकाशा काढा आणि त्यावर उपाय सुचवा. एप्रिलचे ऊन पाहता हे काम सकाळी सात ते नऊ या वेळेत उरकावे लागले. मुलांनी कठडा नसलेली विहीर आणली, लोंबणारी वीजतार आणली, महामार्ग ओलांडण्याची वाईट जागा आणली. एका संघाला बंद पडलेल्या बोअरचे उघडे तोंड सापडले, त्यावर केवळ एक फरशी तिरपी टाकलेली होती. अशा बोअरविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिलेले आहेत, ही माहिती आम्ही मुलांना दिली. त्या संघाने मालकांकडे जाऊन अतिशय विनयाने, ‘काका, हे बुजवाल का?’ असे विचारले. मालकांनी दुसऱ्या दिवशी ते तोंड पक्के बंद केले. त्या दिवशी संत जॉर्जची गोष्ट सांगायला पाच मिनिटे पुरली.

दुसरा विषय आम्हांस विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. पाटसहून पुण्याच्या दिशेने रेल्वेने निघाले की कडेठाणनंतर केडगाव लागते. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे मुक्तिसदन तेथे आहे. रमाबाई प्रॉटेस्टंट परंपरेतील होत्या, परंतु त्यांचा वारसा आपल्या सर्वांचाच आहे. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने व अत्याचाराने गांजलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी आपल्याकडे आणले. त्या मुलींनी तेथे विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकून घेतली. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले मराठी बायबल याच ठिकाणी छापले गेले, त्यांच्या निधनानंतर ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे सगळे भाषणातून सांगितले तर मुले जांभया देतात. म्हणून आम्ही ‘पाहुणे आले’ या नावाने तो दिवस आखला. सकाळी जमल्यावर प्रत्येक संघाला एक कोडे दिले : आज संध्याकाळी दहा थकलेली, भुकेली माणसे तुमच्या वस्तीवर येणार आहेत. त्यांत दोन लहान मुले आहेत आणि एकीला चालवत नाही. तुमच्याजवळ तीन किलो तांदूळ, एक किलो डाळ, दोन हंडे पाणी, चार घोंगड्या आणि सहा काठ्या आहेत. दोन दिवसांची व्यवस्था करा. मग मुले हिशेबाला बसली. पिण्याला किती पाणी, स्वयंपाकाला किती, हे मोजताना दोन हंडे किती थोडे असतात ते त्यांना प्रथमच कळले. दोन काठ्या आणि एका घोंगडीची डोली करून एका गाईडला शाळेच्या पटांगणाभोवती वाहून नेले, पहिल्या खेपेस डोली सुटली आणि दुसऱ्या खेपेस टिकली. बिनभांड्याचा स्वयंपाक, म्हणजे निखाऱ्यात भाजलेली वांगी आणि पानात गुंडाळलेले पानगे, एरवी गंमत म्हणून होतो. त्या दिवशी त्याला कारण मिळाले.

दुपारी गावातील तीन आजी-आजोबांना बोलावले होते. १९७२ चा दुष्काळ त्यांनी पाहिलेला. खडी फोडण्याची कामे, तेथे मिळणारी सुकडी, जनावरे सोडून द्यावी लागली तो दिवस, हे त्यांनी सांगितले तेव्हा पटांगणात चिडीचूप शांतता होती. रमाबाईंची गोष्ट आम्ही त्यानंतर सांगितली, आधी नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुढच्या रविवारी रेल्वेने केडगावला गेलो, तेव्हा मुलांना तेथे काय पाहायचे आणि काय विचारायचे हे ठाऊक होते.

काही विषय आपण निवडावे लागत नाहीत, ते दारावरून जातात. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसला येते आणि पुढे रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याची येथे जाते. त्या दिवशी पाणी देणे, कचरा उचलणे आणि पायाच्या फोडांना मलमपट्टी करणे एवढा एकच विषय. आपल्यातील काहींना यात संकोच वाटतो, म्हणून एक गोष्ट आठवून देतो. आधी वसईचे आणि नंतर २००९ ते २०२३ या काळात पुण्याचे बिशप असलेले डॉ. थॉमस डाबरे यांच्या अभ्यासग्रंथाचा विषय तुकोबांची ईश्वरानुभूती हाच होता. तहानलेल्याला पाणी देताना कोणाची परवानगी काढावी लागत नाही.

आता आमच्या चुकीविषयी. डिसेंबरात आगमनकाळ सुरू असताना आम्ही ‘बेथलेहेमची वाट’ हा विषय घेतला आणि प्रत्येकाने मेंढपाळ, राजा किंवा देवदूत यांपैकी एक वेश करून यावे असे सांगितले. तो ऊसतोडणीचा हंगाम होता. परजिल्ह्यांतून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या गावाबाहेर पडल्या होत्या आणि त्यांतील एक मुलगा दोन आठवड्यांपासून पथकात येऊ लागला होता. दोरीच्या कामात तो सर्वांत तरबेज होता. त्या दिवशी इतर मुले झगमगीत वेशात आली, काहींचे वेश पुण्याहून भाड्याने आणलेले. हा मुलगा नेहमीच्याच सदऱ्यात दारापर्यंत आला, आत पाहिले आणि परत फिरला. पुढच्या सभेला तो आला नाही. आमच्यापैकी एकाच्याही ते वेळेवर ध्यानात आले नव्हते, एका गाईडने नंतर सांगितले. स्वतःच्या घरापासून दूर आलेल्या आणि जागा न मिळालेल्या कुटुंबाचा सोहळा आम्ही करीत होतो, आणि तसेच एक मूल आमच्या दारातून परत गेले.

आम्ही कोपीवर जाऊन त्याच्या आई-वडिलांना भेटलो. ‘सर, त्याला म्हणालो होतो जा म्हणून, पण लाजतोय,’ एवढेच ते बोलले. नंतर एकदोन सभांना तो आला, फेब्रुवारीनंतर मुकादमाने टोळी हलविली.

पुढच्या वर्षी विषय तोच ठेवला, मात्र वेशभूषा पूर्ण वगळली. संघनायकांची मानसभा घेतली असता मुलांनीच सुचविले, की यंदाचा गव्हाणीचा देखावा कोपीसारखा असावा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेचो येथे जिवंत देखावा उभारला तोही खऱ्या बैल-गाढवांसह, खऱ्या गवतावर. मुले तोडणी कामगारांकडे गेली आणि बांबू कसे रोवायचे, पाचट कशी अंथरायची, उसाच्या पाल्याचा पीळ देऊन मोळी कशी बांधायची हे त्यांच्याकडून शिकली. पथकाच्या पुस्तकातील बांधणीपेक्षा तो बंध अधिक झटपट आणि तितकाच पक्का निघाला. शिकविणाऱ्या कुटुंबातील मुले त्या दिवशी पाहुणी नव्हती, गुरू होती. पहिल्या वर्षीचा तो मुलगा मात्र त्यांत नव्हता. त्याचे कुटुंब त्या हंगामात दुसऱ्या कारखान्याकडे गेले होते.

तेव्हापासून आमचा नियम झाला : ज्या कार्यक्रमासाठी घरून एक रुपयाही आणावा लागतो तो विषय बाद. लागेल तो खर्च ‘खरी कमाई’तून करायचा. कागदी पिशव्या, वाफे खुरपणे, सायकली पुसणे यांतून मुले जे मिळवितात ते एका वहीत लिहिले जाते आणि ती वही कोणताही पालक पाहू शकतो.

पूर्वतयारीचा भाग थोडक्यात सांगतो. तीन आठवडे आधी मानसभेत विषय ठरावा, एक आठवडा आधी आपण स्वतः ती जागा चालून पाहावी. तालुक्यातून खडकवासल्याचा कालवा जातो, त्याच्या काठाने मुलांना नेण्याचा मोह कितीही झाला तरी टाळावा. उसात बिबट्यांचा वावर असल्याने शेकोटी रानात न करता शाळेच्या कुंपणात करावी आणि अंधार पडण्यापूर्वी मुले घरी पोचतील असे पाहावे. आम्ही तर शेकोटी साडेपाचलाच पेटवितो, ती थोडी फिकी दिसते, पण चालते. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचार पेटी आणि कोणाला कोणत्या औषधाची बाधा होते याची नोंद असावीच. कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर एकांतात राहणार नाही, मुलींबरोबर महिला स्वयंसेविका असलीच पाहिजे, आणि २०१२ चा पोक्सो कायदा प्रत्येक स्वयंसेवकाला समजावून सांगितलेला असला पाहिजे. ‘आपलीच माणसे आहेत’ ही सबब येथे चालत नाही. धर्मगुरू असोत वा आम्ही, नियम सर्वांना सारखा.

प्रार्थनेविषयी वारंवार विचारणा होते. स्काऊटच्या वचनात ईश्वर किंवा धर्म यांविषयीच्या कर्तव्याचा उल्लेख आहे आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेत (स्थापना ७ नोव्हेंबर १९५०) सर्वधर्म प्रार्थनेची प्रथा आहे. आम्ही तीच पाळतो. दिवसाच्या विषयाशी जुळणारी दोन मिनिटांची शांतता आणि एका मुलाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना एवढे पुरे होते. ते मूल कोणत्या धर्माचे आहे हे आम्ही पाहत नाही, पाळी येईल त्याने करायची.

येत्या २२ फेब्रुवारीला बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी लेडी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी जगभर चिंतन दिन पाळला जातो. आमच्याकडे त्या दिवसाचा विषय अद्याप ठरलेला नाही. मानसभा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे, आणि ‘आम्ही सांगू तोच घ्यायचा’ अशी ताकीद संघनायकांनी आधीच देऊन ठेवली आहे.