भीमगीतांची तबकडी घरच्या घरी

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात ग्रंथांच्या शेजारीच भीमगीतांच्या ध्वनिफिती आणि पुढे सीडी मांडलेल्या असत. आज तीच गीते एमपी-थ्री फाइलींच्या रूपाने मोबाईलमध्ये आली आहेत. परंतु घरातील वडीलधाऱ्यांजवळ व काही विहारांत अद्याप जुनाच सीडी प्लेअर आहे आणि त्याला या फाइली वाचता येत नाहीत. अशा यंत्रासाठी तबकडी कशी करावी, अशी विचारणा शिरढोण-पनवेल परिसरातील पालक आमच्याकडे वेळोवेळी करतात.

संगणकाला सीडी रायटर हवा. नव्या लॅपटॉपमध्ये तो सहसा नसतो. यूएसबीने जोडण्याचा बाहेरचा रायटर चालतो. कोरी सीडी-आर घालून विंडोज मीडिया प्लेअरसारख्या प्रणालीत गीते ओळीने लावावीत आणि ‘बर्न’ करण्यापूर्वी ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय निवडावा. बहुतेकांची फसगत येथेच होते. ‘डेटा सीडी’ निवडल्यास एमपी-थ्री फाइली जशाच्या तशा उतरतात. अशा एका तबकडीत साधारण बारा तासांची गीते मावतात, पण जुने यंत्र मुके राहते.

याचे कारण असे. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरविलेल्या मानकानुसार ऑडिओ सीडीवर दर सेकंदास ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांत नोंदलेले असतात. एका मिनिटास सुमारे १० एमबी जागा लागते. एमपी-थ्री हा त्याचा आवळलेला अवतार होय. मिनिटाला एखादा एमबी त्यास पुरतो. बर्न करताना प्रणाली ही घडी पुन्हा उलगडते. मात्र आवळताना गळालेला ध्वनी परत येत नाही, म्हणून उपलब्ध फाइलींतील उत्तम तीच घ्यावी. वेग मध्यम ठेवावा, आणि शेवटी ‘फायनलाइज’ झाल्याखेरीज तबकडी बाहेर काढू नये.

तबकडीत ८० मिनिटेच मावतात. आठ मिनिटांचे एक गीत धरले तर दहा गीते. अकरावे बसविण्यासाठी गीतांचे शेवट छाटण्याचा मोह होतो. तो आम्हांस अजिबात मान्य नाही. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आपल्या गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा गुंफीत. संतांच्या अभंगांपासून चालत आलेली ही रीत म्हणजे कवीची सहीच. शेवट छाटला की सही गेली. त्यापेक्षा एक गीत कमी घ्यावे.

नाव जाण्याची दुसरी वाट तांत्रिक आहे. एमपी-थ्री फाइलीसोबत गीताचे व गायकाचे नाव असते. ऑडिओ सीडीवर ते आपोआप उतरत नाही. ‘सीडी-टेक्स्ट’ची सोय असलेली प्रणाली वापरली तरी जुने यंत्र बहुधा ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ एवढेच दाखविते. आधीच आपल्याकडे गायक ठाऊक असतो आणि गीतकार विस्मरणात जातो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज चटकन ओळखले जातात, परंतु शब्द कोणाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. याच शिरढोणात १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी आत्मवृत्त व रोजनिशी लिहून ठेवली, म्हणून इतिहासकारास आधार मिळाला. जलशांतून गाणाऱ्या कित्येक शाहिरांची गीते केवळ कंठी राहिली. अशांच्या बाबतीत आपल्या घरातील तबकडी हाच उद्याचा पुरावा ठरू शकतो, आणि निनावी पुरावा इतिहासाच्या फारसा कामाचा नसतो.

यास्तव वेष्टनात एक कागद घालावा: अनुक्रम, गीताचे पहिले चरण, गीतकार, गायक, आणि मूळ ध्वनिफीत कोणत्या कंपनीची व कोणत्या साली घेतलेली. ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी. अंदाजाने नाव घालू नये. जुन्या ध्वनिफितीचे वेष्टन घरात असेल तर तेही जपावे, कारण पुष्कळदा नावे केवळ तेथेच छापलेली असतात. तबकडी घरगुती उपयोगासाठीच असावी. विक्रीसाठी प्रती काढणे कायद्यात बसत नाही आणि कलावंतांवर अन्यायकारकही आहे.

सीडी-आरमध्ये लेसरकिरण रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवितो. उन्हाने हा थर फिका पडतो, म्हणून तबकडी खिडकीत ठेवू नये. कोकणातील पावसाळी दमटपणापासूनही जपावी. परावर्तक थर वरच्या बाजूस पातळ लेपाखालीच असतो. तेव्हा वर लिहिताना बॉलपेन टाळावे, मऊ टोकाचे मार्कर पेन वापरावे.